विंडोज १० चा सपोर्ट संपला, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, पण वायफाय कुठं गायब झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा सुविधा आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीसच अंदाज वर्तवला होता की या एका निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात.

मग रील्सचा पूर आला. ‘जुना लॅपटॉप फेकू नका, लिनक्स टाका.’ सल्ला चांगलाच आहे. लिनक्स फुकट आहे, हलकं आहे आणि अर्ध्या तासात इन्स्टॉल होतं. अडचण त्यानंतर सुरू होते. स्क्रीन झकास दिसते, आवाज येतो, पण कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नाही. खाली कमेंट्समध्ये निदान तयार असतं, ‘कार्ड उडालं भाऊ’, नाहीतर ‘लिनक्स आपल्यासाठी नाहीच’.

बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी चुकीच्या असतात. कार्ड धडधाकट असतं. त्याच्याशी बोलणारा दुभाषा तेवढा जागेवर नसतो. त्या दुभाष्यालाच ड्रायव्हर म्हणतात.

लॅपटॉप एचपीचा, पण कार्ड कोणाचं?

लॅपटॉपच्या झाकणावर एचपी, डेल किंवा लेनोव्हो लिहिलेलं असतं. आतली वायफायची चिप मात्र इंटेल, रिअलटेक, ब्रॉडकॉम, क्वालकॉम किंवा मीडियाटेकची असते. विंडोजसाठी ड्रायव्हर लिहून देणं ही चिप कंपनीची गरज असते, कारण त्याशिवाय चिप विकलीच जाणार नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या आतच राहतात. ते काही वेळा कंपनी लिहिते, तर काही वेळा जगभरातले स्वयंसेवक.

इंटेल आपल्या वायफाय कार्डांचे ड्रायव्हर बऱ्याच वर्षांपासून स्वतःच कर्नलमध्ये देते. म्हणून इंटेलचं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर सहसा काहीच करावं लागत नाही. ब्रॉडकॉमची गोष्ट वेगळी. या कंपनीने कित्येक वर्षं चिपची कागदपत्रंच बाहेर दिली नाहीत. मग काही स्वयंसेवकांनी तिच्याच ड्रायव्हरची चिरफाड करून चिप कशी चालते याचं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्यांनी ते वाचून नवा ड्रायव्हर बनवला. हे काम दोन वेगळ्या गटांनी मुद्दाम केलं, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप नको. ब्रॉडकॉमने २०१० मध्ये खुला ड्रायव्हर दिला खरा, पण तो मोजक्या चिप्ससाठी होता. बाकीच्यांसाठी कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि कर्नल अपडेट झालं की तो कधी कधी रुसतो.

आज ज्यांना लिनक्स देऊन वाचवायचं चाललंय त्या दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपांत, जुन्या मॅकबुकसकट, ब्रॉडकॉमच्या चिप्स भरपूर आहेत. रील बनवणाऱ्याचा लॅपटॉप इंटेल कार्डवाला असतो, बघणाऱ्याचा नसतो. सगळी गफलत इथे आहे.

किल्ली कपाटाच्या आतच

ड्रायव्हर असूनही कार्ड चालत नाही, असंही होतं. आजकालच्या वायफाय चिपमध्ये स्वतःचा छोटा संगणक असतो आणि लॅपटॉप सुरू होताना त्यात एक प्रोग्राम भरावा लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो कंपनीचा असतो आणि त्याचा मूळ कोड खुला नसतो.

डेबियन ही लिनक्सची जुनी आणि तत्त्वाला घट्ट धरणारी आवृत्ती. जे खुलं नाही ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. परिणाम असा की वायफायचं फर्मवेअर नेटवरून उतरवायचं, आणि नेटसाठी वायफाय हवं! २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी यावर मतदान घेतलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागलं. तत्त्वाला थोडी मुरड पडली, पण सामान्य माणसाची सोय झाली. तेव्हा कोणी जुना पेनड्राइव्ह देऊन ‘डेबियन टाक’ म्हणालं, तर आधी आवृत्ती बघा.

युनिक्सच्या घराण्यातल्या दुसऱ्या शाखांचे हाल याहून जास्त. फ्रीबीएसडीवर काही लोक वायफायबॉक्स नावाची युक्ती वापरतात. संगणकाच्या आत एक चिमुकलं लिनक्स चालवायचं आणि कार्ड त्याच्या ताब्यात द्यायचं. म्हणजे दुभाष्यासाठी शेजाऱ्याला घरात राहायला बोलावल्यासारखं.

मग शोधायचं कसं?

आधी इंटरनेटची सोय करा. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. बहुतेक लिनक्स आवृत्त्यांत हे काही न टाकता चालतं. अर्धी लढाई इथेच संपते, कारण आता हवं ते उतरवता येतं.

मग टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्या. इंग्रजी लहान अक्षरांत, सलग. पुढे जागा सोडून हायफन आणि त्याला चिकटून ‘एनएनके’ लिहा. आलेल्या यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ ही ओळ शोधा. तिथे चिपचं नाव आणि चौकटी कंसात एक क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे चिपचं आधार कार्ड. मदत मागताना लॅपटॉपचं मॉडेल सांगून फारसा उपयोग नाही, हा क्रमांक सांगा. त्याच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ नसेल, तर ड्रायव्हर नाही. ओळ असून वायफाय नसेल, तर ‘डीमेसेज’ म्हणजे इंग्रजीत डीएमईएसजी ही आज्ञा सुडोसकट चालवा आणि त्यात फर्मवेअर सापडलं नाही अशी तक्रार आहे का बघा. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा वायफाय बटणाने बंद झालंय का ते सांगते. हसू नका, अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो.

दोन गोष्टी मात्र सहज हुकतात. एक, सिक्युअर बूट. बाहेरून टाकलेल्या ड्रायव्हरवर सही नसेल तर कर्नल त्याला दारातच अडवतं. इन्स्टॉल नीट झालं तरी कार्ड गप्प राहतं. दोन, विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच लॅपटॉपवर असतील तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि काही कार्डं त्याच अवस्थेत अडकतात. ते बंद करून बघा.

इतकं करूनही जमलं नाही, तर लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत यूएसबी वायफाय डोंगल मिळतं. पण खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची चिप होती, लिनक्सवर लगेच चालणारी. दुसऱ्या आवृत्तीपासून नाव तेच राहिलं, पण आत रिअलटेकची चिप आली आणि जुने सल्ले वाचून खरेदी करणारे फसले. आवृत्ती खोक्याच्या लेबलवर बारीक अक्षरात असते.

ड्रायव्हरमुळे कार्ड खरंच बाद होऊ शकतं?

एकदा झालं होतं. २००८ मध्ये लिनक्स कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांत इंटेलच्या काही केबलवाल्या नेटवर्क कार्डांची अंतर्गत मेमरी पुसली जाऊ लागली आणि कार्डं निकामी झाली. संशय इंटेलच्या ड्रायव्हरवर गेला, पण मूळ दोष कर्नलच्याच दुसऱ्या भागात निघाला. ती मेमरी लिहिण्यापासून कुलूपबंद करण्यात आली. इतकं दुर्मीळ प्रकरण असल्यामुळेच ते अजून आठवलं जातं. तुमच्या लॅपटॉपचं तसं झालं असण्याची शक्यता जवळपास शून्य.

शाळेच्या संगणक कक्षात एकाच मॉडेलची वीस यंत्रं असतील, तर विंडोज पुसण्याआधी एका यंत्रावर पेनड्राइव्हवरून लिनक्स ‘लाइव्ह’ चालवून बघा. त्यात हार्डडिस्कला हात लागत नाही. वायफाय दिसलं, लॅपटॉप झोपवून उठवल्यावरही टिकलं, तर पुढे जा. तरी बाकीच्या यंत्रांचा चिप क्रमांकही बघून घ्या, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं निघतात. आणि आजच घाई नको असेल, तर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सुरक्षा अपडेट्सची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव योजना ठेवली आहे. त्यासाठी नाव मात्र नोंदवावं लागतं.