लोणंदचा कांदा आणि देशाची पत

देशाच्या चालू खात्यावर तूट पडली की आमच्या अर्थपंडितांना घरात सुतक आल्यासारखे वाटते. बाहेरून आणलेल्या मालाची किंमत बाहेरच्या मिळकतीपेक्षा जास्त झाली, एवढाच या भारदस्त शब्दाचा अर्थ. लोणंदच्या बाजारात कांद्याची पट्टी हातात घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. कर्ज काढून विहीर खणणारा आणि कर्ज काढून वरात काढणारा, दोघांच्याही खात्यावर तूटच दिसते. पण सावकार पहिल्याला पुन्हा उभा करतो आणि दुसऱ्याच्या दारी जप्ती आणतो.

वाढू पाहणाऱ्या देशाला यंत्रे हवीत, तेल हवे. त्याला तूट पडणारच. १९९०-९१ साली ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३ टक्के होती. त्यात आखाती संकटाने तेल महागले आणि १९९१ च्या जुलैत सुमारे ४७ टन सोने लंडनला गहाण ठेवण्याची पाळी आली. २०१२-१३ साली तूट ४.८ टक्क्यांवर गेली, रुपया घसरला, पण गहाणवट टळली. कारण गंगाजळी शिल्लक होती आणि देणाऱ्यांचा विश्वासही. तेव्हा किती तूट पेलवेल हे नुसता आकडा सांगत नाही, पत सांगते.

आणि ही पत आम्ही कशी राखतो? २०१९ च्या सप्टेंबरात रातोरात कांद्याची निर्यात बंद झाली. बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन, निदान आधी सांगायचे तरी होते, अशी हसत हसत तक्रार केली. ते हसणे आम्हांला झोंबायला हवे होते. २०२० मध्ये पुन्हा बंदी. २०२३ च्या ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरात पुन्हा बंदी, ती मे २०२४ पर्यंत! हळवा कांदा साठवणीत टिकत नाही. बंदरावर अडलेला माल देशी बाजारात उलटतो, भाव कोसळतो आणि लोणंदचा शेतकरी मिळेल त्या दराला पोती मोकळी करतो.

पण खरी मौज पुढेच आहे. २०२४ च्या जुलैत सोन्याच्या आयातीवरील जकात १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आली. त्याच महिन्यात कांद्याच्या निर्यातीवर मात्र ४० टक्के शुल्क उभे होते! डॉलर घालविणाऱ्याला वाट मोकळी आणि डॉलर आणणाऱ्याला नाका. निर्यातशुल्क पुरते उठले ते १ एप्रिल २०२५ रोजी.

कोणी म्हणेल, कांद्याने तेलाचे बिल भागते काय? नाही भागत. आमची तूट पुष्कळशी भरून काढतात ती संगणकावर काम करणारी मुले आणि परदेशांतून घरी पैसे धाडणारे कामकरी. पण प्रश्न कांद्याच्या वजनाचा नाही, विक्रेत्याच्या शब्दाचा आहे. वरचेवर दुकान बंद करणाऱ्या वाण्याचे गिऱ्हाईक दुसरा ओटा शोधते, आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक दवंडी पिटून परत येत नाही.

मग शहरातल्या गरिबाने महाग कांदा खावा काय? मुळीच नाही. सरकारने तो बाजारभावाने घ्यावा आणि तिजोरीला खार लावून त्याला स्वस्त द्यावा. दया करणे हा धर्म खरा; पण ती स्वतःच्या खिशातून करायची असते, लोणंदच्या शेतकऱ्याच्या नव्हे. ज्या देशाला आपल्या शेतकऱ्याचा सौदा पाळता येत नाही, त्याने तुटीच्या नावाने गळा काढू नये.