कथिलाची सनद आणि खाणकऱ्याची संमति

जमिनीच्या पाठीवर जो राबतो त्याचा त्या जमिनीवर कांहीं तरी हक्क असतो, ही गोष्ट आपल्या कायद्यानें आतां मान्य केली आहे. परंतु जमिनीच्या पोटांत जें आहे त्यावर तेथें राहणाऱ्याचा व खोदणाऱ्याचा हक्क किती, हा प्रश्न अद्याप निकालांत निघालेला नाहीं. गडचिरोलींत किंवा गोव्यांत लोखंडाचा प्रश्न निघो, कीं बस्तरांत कथिलाचा निघो, वादाचें स्वरूप एकच असतें. सरकार म्हणतें, भूगर्भांतील संपत्ति राष्ट्राची आहे. कंपनी म्हणते, आम्हीं रीतसर पट्टा घेतला आहे. आणि गांवकरी विचारतो, आम्हांस कोणीं विचारलें? या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें कोणत्या रीतीनें द्यावें, हें ठरवितांना इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या कॉर्नवॉल व डेव्हन या दोन परगण्यांतील कथिलाच्या खाणींचा इतिहास फार उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

कथील म्हणजे आपल्या तांब्यापितळेच्या भांड्यांस ज्याची कल्हई लागते तो धातु. तांब्यांत तो मिसळला म्हणजे कांसें होतें. मध्ययुगांत युरोपास लागणाऱ्या कथिलाचा मोठा भाग या दोन परगण्यांतून जात असे. लॅटिन भाषेंत कथिलास ‘स्टॅनम’ म्हणतात. त्यावरून खाणींच्या या मुलुखास ‘स्टॅनरी’ हें नांव पडलें, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यास पुढें ‘लॉर्ड वॉर्डन ऑफ दि स्टॅनरीज’ ही पदवी मिळाली. आपल्या जुन्या दप्तराच्या भाषेंत सांगावयाचें तर हा कथिलाचा सरसुभेदार होय.

११९८ सालीं विल्यम डी रॉथम याची या कामावर नेमणूक झाली. त्यानें एक्झेटर व लॉन्सेस्टन येथें जाणत्या पंचांस बोलावून खाणींच्या जुन्या वहिवाटी शपथेवर विचारून घेतल्या व त्या नमूद केल्या. हें काम प्रजेच्या कळवळ्यानें झालें असें समजण्याचें कारण नाहीं. त्याच वेळीं त्यानें कथिलावर नवा करही बसविला. राजास पैसा पाहिजे होता. पैशासाठीं खाण चालली पाहिजे होती. आणि खाण चालण्यास खोदणारा निर्धास्त पाहिजे होता. हेतु कांहीं असो, परिणाम मोठा झाला. तीनच वर्षांनीं, १२०१ सालीं, जॉन राजानें खाणकऱ्यांस सनद दिली. कोणत्याही सरदाराच्या, बिशपाच्या किंवा मठाच्या माळजमिनीवर पूर्वापार चालीप्रमाणें कथील खोदावें, तें गाळण्यास लागणारें जळण तेथेंच काढावें, आणि जमीनदाराच्या गुलामगिरीच्या दाव्यांपासून मोकळें असावें, असे हक्क त्या सनदेनें दिले. त्यांचा न्याय करण्याचा अधिकार या वॉर्डनाखेरीज दुसऱ्या कोणास राहिला नाहीं. ज्या ‘मॅग्ना कार्टा’चे गोडवे आम्हांस शाळेंत शिकविण्यांत आले, ती याच जॉनानें १२१५ सालीं सरदारांस दिली. कुदळ धरणाऱ्यांची ही सनद तिच्याहून चौदा वर्षांनीं जुनी आहे; तिचें नांव मात्र आमच्या शाळेच्या पुस्तकांत आलें नाहीं.

आतां राजाच्या पदरांत काय पडे तें पाहूं. गाळलेल्या कथिलाच्या लाद्या ठरलेल्या गांवींच न्याव्या लागत. कॉर्नवॉलांत ट्रूरो, हेल्स्टन, लॉस्टविथील, लिस्कर्ड, आणि डेव्हनांत टॅव्हिस्टॉक, ॲशबर्टन, चॅगफर्ड हीं त्यांपैकीं कांहीं गांवें. तेथें अधिकारी लादीचा एक कोपरा तोडून कस पाही, वजन करी, कर घेई व छाप मारी. कोपऱ्यास जुन्या फ्रेंच भाषेंत ‘कॉइन’ म्हणतात, म्हणून या कराचें नांव ‘कॉइनेज’ पडलें. कॉर्नवॉलांत शंभर वजनास चार शिलिंग हा त्याचा दर होता. डेव्हनांत तो त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. छाप नसलेलें कथील विकणें हा गुन्हा होता, आणि छाप मारण्याची जत्रा वर्षांतून दोनचार वेळांच भरे. मधल्या महिन्यांत गरीब खाणकऱ्यानें खावें काय? तो व्यापाऱ्याकडून उचल घेई, आणि छापाच्या दिवशीं त्याचें कथील व्यापाऱ्याच्याच पदरांत जाई. ज्यांनीं आपल्या दक्षिणेंतील कुणब्याचें पीक खळ्यावरूनच सावकाराच्या घरीं जातांना पाहिलें आहे, त्यांस हा प्रकार निराळा समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

१३०५ सालीं पहिल्या एडवर्डानें दोन्ही परगण्यांस स्वतंत्र सनदा दिल्या. खाणकरी सामान्य करांतून व जकातींतून मुक्त झाले. जमीन, जीव व अवयव यांसंबंधींचे खटले खेरीज करून त्यांचे सर्व दावे स्टॅनरीच्याच न्यायालयांत चालूं लागले. १३३७ सालीं कॉर्नवॉलची डची निर्माण होऊन हें उत्पन्न व हा अधिकार युवराजाकडे गेला. अशा रीतीनें कर वसूल करणारा, न्याय देणारा आणि तुरुंगाच्या किल्ल्या बाळगणारा अधिकार एकाच छताखालीं आला. सनदेंतील गुण आणि सनदेंतील विष, दोन्ही येथून पुढें दिसूं लागतात.

गुण आधीं सांगतों. १४९६ सालीं सातव्या हेन्रीनें, युवराजाच्या नव्या नियमांचा भंग झाला या सबबीवर, कॉर्नवॉलच्या स्टॅनरीचे अधिकार तहकूब केले. दुसऱ्याच वर्षीं स्कॉटलंडच्या लढाईसाठीं त्यानें पट्टी बसविली. कॉर्नवॉलचे लोक उठले; मायकेल जोसेफ नांवाचा लोहार व टॉमस फ्लॅमॅंक नांवाचा वकील त्यांचे पुढारी होते. ते लंडनच्या वेशीवर ब्लॅकहीथपर्यंत चालत गेले, तेथें १७ जून १४९७ रोजीं त्यांचा मोड झाला, आणि दहा दिवसांनीं दोघां पुढाऱ्यांस देहान्त शिक्षा देण्यांत आली. परंतु गोष्ट तेथें संपली नाहीं. १५०८ सालीं त्याच राजानें एक हजार पौंड घेऊन माफीची सनद दिली, आणि तींत असें कबूल केलें कीं, यापुढें चोवीस प्रतिनिधींच्या संमतीवांचून राजानें, युवराजानें किंवा त्यांच्या मंडळानें खाणकऱ्यांसंबंधीं कोणताही नवा नियम करूं नये. चार स्टॅनरींचे प्रत्येकीं सहा मिळून हे चोवीस होत. ज्या राजानें पुढाऱ्यांस मारविलें त्यासच अकरा वर्षांच्या आंत संमतीचें तत्त्व लिहून द्यावें लागलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां विष पाहा. रिचर्ड स्ट्रोड हा डेव्हनांतील प्लिम्टनचा पार्लमेंटांतील सभासद. स्वतःही कथिलाच्या धंद्यांतला. नदींत खनिज धुतल्यामुळें वाळू व गाळ वाहत जाऊन बंदरें बुजत चाललीं होतीं. म्हणून या धुण्यास आळा घालणारीं बिलें त्यानें पार्लमेंटांत पुढें आणलीं. स्टॅनरीच्या चारही न्यायालयांनीं त्यास या अपराधाबद्दल प्रत्येकीं चाळीस पौंड दंड ठोठावला, आणि लिडफर्डच्या किल्ल्यांतील तळघरांत तीन आठवड्यांहून अधिक काळ डांबून ठेविलें. लिडफर्डच्या न्यायाची ख्याति अशी कीं, तेथें शिक्षा आधीं व चौकशी मागाहून, ही म्हणच पडली होती. अखेर पार्लमेंटानें १५१२ सालीं स्वतंत्र कायदा करून त्यास सोडविलें व सभागृहांतील वर्तनाबद्दल सभासदावर कोठेंही खटला चालूं नये असें ठरविलें. १६६७ सालीं हा कायदा सर्व सभासदांस लागू असल्याचा ठराव झाला, १६८९ च्या हक्कांच्या कायद्यांत तें तत्त्व कायम झालें, आणि आमच्या राज्यघटनेच्या १०५ व १९४ या कलमांत संसदेच्या व विधानसभांच्या सभासदांस जें भाषणस्वातंत्र्य आहे त्याची वंशावळ शोधूं गेल्यास ती या गाळानें भरलेल्या नदीच्या कांठीं येऊन पोहोंचते.

स्ट्रोडवर जुलूम कोणीं केला? राजानें नव्हे. ज्यांस जमीनदाराच्या जुलुमापासून सनदेनें सोडविलें होतें, त्यांच्याच न्यायालयांनीं केला. नदीच्या वरच्या अंगास राहणाऱ्यास हक्क मिळाला; खालच्या अंगास राहणाऱ्यास दाद मागण्याची जागा राहिली नाहीं. एका वर्गाचा हक्क सर्वसाधारण कायद्याच्या कुंपणाबाहेर वाढूं दिला म्हणजे त्याचा जुलूम होण्यास फार वेळ लागत नाहीं.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत १५८५ पासून सर वॉल्टर रॅले हा या पदावर होता. १६०१ सालीं मक्तेदारीवर पार्लमेंटांत हल्ला झाला, तेव्हां त्यानें आपल्या कथिलाच्या मक्त्याचें समर्थन असें केलें कीं, पूर्वीं भाव कितीही चढला तरी मजुरास आठवड्यास दोन शिलिंगांवर कांहीं मिळत नसे, आतां भाव कांहींही असो, चार शिलिंग हातांत पडतात. मक्तेदारानें मजुराचें नांव पुढें करून मक्ता राखावा, ही युक्ति इतकी जुनी आहे! १६४१ सालीं स्टॅनरी न्यायालयांच्या अतिक्रमणास पार्लमेंटानें कायद्यानें आळा घातला. चोवीस जणांच्या सभेंत कुदळवाल्यांच्या जागीं बडे जमीनदार येऊन बसले, कारण त्यांची निवड खाणकऱ्यांच्या हातीं नव्हती. ती नगरांच्या अधिकाऱ्यांच्या हातीं होती. कॉर्नवॉलची ती सभा १७५३ नंतर भरली नाहीं. १८३८ सालीं कॉइनेज कर रद्द झाला, १८९६ सालीं न्यायालय मोडून त्याचें काम साध्या दिवाणी न्यायालयांकडे गेलें, आणि १९९८ सालीं साउथ क्रॉफ्टी ही शेवटची मोठी खाण बंद पडली. पद मात्र डचीच्या मंडळांत मानासाठीं राहिलें आहे.

या खाणींतले कसबी लोक १८८० नंतर आमच्याकडे म्हैसूर संस्थानांत कोलारच्या सोन्याच्या खाणींवरही आले. त्यांच्या हाताखालीं खोल विवरांत उतरणाऱ्या आमच्या मजुरांस मात्र स्वतःची सनद नव्हती, स्वतःचें न्यायालय नव्हतें, आणि चोवीस जणांची सभाही नव्हती. परक्या राज्यांत तें होणें शक्यही नव्हतें. प्रश्न हा आहे कीं, स्वराज्यांत तें कितपत झालें?

कांहीं झालें आहे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेस स्थान दिलें. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ओरिसांतील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनीं बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न विचारांत घेतला व बाराही जणींनीं ती नाकारली. २०१५ पासून खाणीच्या जिल्ह्यांत खनिज प्रतिष्ठान असून स्वामित्वधनाच्या दहा किंवा तीस टक्क्यांइतकी रक्कम पट्टेदारानें तेथें भरावयाची असते. परंतु पेसा कायद्याची भाषा वकिलाच्या नजरेनें वाचावी. खाणपट्ट्यापूर्वीं शिफारस घ्यावयाची ती गौण खनिजांपुरती. म्हणजे वाळू, मुरूम, दगड यांबद्दल गांवास विचारावयाचें, आणि डोंगरच्या डोंगर पोखरणाऱ्या लोखंडाबद्दल त्या कलमान्वयें विचारावयाचें नाहीं. शिवाय ती ‘शिफारस’ आहे, संमति नव्हे. आणि ग्रामसभेऐवजीं वरच्या पंचायतीची घेतली तरी चालते. १५०८ च्या राजानें जें लिहून दिलें त्यापेक्षां हें कमी आहे.

कथिलाचेंच उदाहरण घ्या. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे बस्तरांतील दंतेवाड्याकडे आदिवासी लोक खनिजमिश्रित माती धुऊन कथिलाचें खनिज काढतात व तें राज्याच्या खनिज महामंडळास विकतात. २०२३ सालीं भारत सरकारनें जीं तीस खनिजें अत्यावश्यक म्हणून जाहीर केलीं त्यांत कथील आहे. म्हणजे भाव वाढणार, मोठे पट्टे निघणार, आणि धुणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न उभा राहणार. तो उभा राहण्यापूर्वीं त्याच्या वहिवाटी पंचांसमक्ष लिहून घेण्याचें काम, जें रॉथमनें ११९८ सालीं केलें, तें आमच्या अधिकाऱ्यांनीं आज कां करूं नये?

आमच्या मतें चार गोष्टी तांतडीनें झाल्या पाहिजेत. पहिली, अनुसूचित क्षेत्रांत लोखंडादि मुख्य खनिजांसही ग्रामसभेच्या पूर्वसंमतीचें बंधन लागू करावें. दुसरी, ही संमति केवळ खाणीच्या गांवाची नसावी. नदीच्या खालच्या अंगास ज्यांच्या शेतांत गाळ जाणार त्यांचीही घ्यावी. गोव्यांत शेतें व ओढे यांत खाणीचा गाळ उतरल्यावर जाग आली. तेथें २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयास उत्खननावर मर्यादा घालून विक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा पुढील पिढ्यांच्या कायम निधींत टाकावयास सांगावें लागलें. तिसरी, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमान्वयें अनधिकृत गौण खनिजाबद्दल बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड करण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांकडेच आहे. पकडणारा तोच, वसूल करणारा तोच, निर्णय देणारा तोच. चोरट्या उपशास कडक शिक्षा झालीच पाहिजे, पण ती स्वतंत्र न्यायाधिकाऱ्यानें द्यावी. कलेक्टराच्या हातांतील न्यायाचा अधिकार निराळा करा, अशी ओरड आमच्या वाडवडिलांनीं काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनांपासून केली. ती राज्यघटनेच्या ५० व्या कलमांत उतरली. आणि खाणीच्या बाबतींत आम्ही ती विसरून बसलों. चौथी, खनिज प्रतिष्ठानाचा हिशेब दरवर्षीं ग्रामसभेंत, लोकांच्या बोलींत, मोठ्यानें वाचला जावा.

यावर असें म्हणण्यांत येईल कीं, राष्ट्राची संपत्ति एका खेड्याच्या मर्जीवर कशी ठेवावी? आमचें उत्तर असें कीं, कॉर्नवॉलचें कथील चोवीस जणांच्या नकाराधिकारामुळें जमिनींत राहिलें नाहीं; तें पुढेंही शतकानुशतकें निघत राहिलें. संमतीनें काम अडत नाहीं; संमति न घेतां सुरू केलेलें काम अडतें, आणि मग पोलिसांच्या पहाऱ्यांत चालवावें लागतें. राष्ट्राच्या हितास आम्ही कोणापेक्षां कमी जपत नाहीं. परंतु राष्ट्र म्हणजे राजधानींतील कचेरी नव्हे. डोंगराच्या पायथ्याशीं राहणारा मनुष्यही राष्ट्रच आहे. त्यास विचारण्याचें बंधन राज्यकर्त्यांनीं आपण होऊन कायद्यांत घालून घ्यावें, एवढीच आमची मागणी आहे.