६१७४ आणि देवळालीचे मास्तर

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला : ‘६१७४, प्राचीन ऋषींनी लपवून ठेवलेला चमत्कारी अंक. पुढे पाठवा, भाग्य उजळेल.’ खाली जोडलेले हात आणि दिवे. असले निरोप मी न वाचता पुसतो. या निरोपानं मात्र डोकं तापलं, ते अजून निवलेलं नाही. वैदिक गणिताच्या क्लासांवर मागे लिहिलं होतं तेव्हा रागाची पत्रं आली होती. याही वेळी येतील, येऊ देत.

६१७४ चा शोध देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी लावला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो, आणि मग तोच येत राहतो.

कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घेऊन बघा. ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पुऱ्या सात पायऱ्या!

यात लपवलेलं काही नाही. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक, एवढ्यावरच वजाबाकीचं उत्तर ठरतं. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, बेरीज करा. अशा फरकांच्या जोड्या होतात फक्त ५४. आठवीतली मुलगी वहीच्या दोन-तीन पानांत सगळ्या तपासून मोकळी होईल. जे पोरांना स्वतः पडताळता येतं त्याला ‘गूढ’ म्हणून हात जोडायला लावणं, हा मला त्या पोरांवरचा अन्याय वाटतो.

आणि संख्या तरी किती देखणी! अंकांची बेरीज १८. तिनं ६१७४ ला भागलं की ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव कापरेकरांनीच दिलं. शिवाय १८, १८ चा वर्ग आणि १८ चा घन यांची बेरीजही ६१७४ च.

डोंबिवलीकरांनो, तुम्हाला वेगळं सांगायचंय. १२१, १२३२१, १२३४३२१ या घराण्यातल्या संख्यांना गणितात ‘डेम्लो’ म्हणतात. हे नाव तुमच्या स्टेशनाचं! कापरेकरांना ती कल्पना तिथे सुचली, म्हणून त्यांनी संख्यांना स्टेशनाचं नाव दिलं. रोज लाखो माणसं त्या फलाटांवर उभी असतात. तिथे एका भिंतीवर या संख्या आणि त्यांच्या जनकाचं नाव ठळक अक्षरांत असायला हवं. रेल्वेकडे तशी मागणी करणाऱ्या अर्जावर पहिली सही मी करीन.

विद्यापीठातली खुर्ची कापरेकरांना कधी मिळाली नाही. १९३० ते १९६२ ते शाळेत शिकवत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. आपण ते अजून नीट घेत नाही.

घरात शाळकरी मूल असेल तर त्याला तीन अंकी संख्येवर हाच खेळ करायला सांगा. तिथेही एक संख्या ठाण मांडून बसली आहे. ती इथे छापत नाही, मुलांनी शोधावी. सापडली की त्यांना कापरेकर मास्तरांचं नाव तेवढं सांगा, पूर्ण नाव, गावासकट.