दाखला आजीचा, घडण परक्याची

दि. ७ सप्टेंबर २०२४ रोजी डब्लिनच्या लॅन्सडाउन रोडवरील मैदानात आयर्लंड आणि इंग्लंड यांचे फुटबॉल संघ समोरासमोर उभे ठाकले. इंग्लंडने सामना २-० असा जिंकला. या पराभवात नवल नव्हते; नवल होते ते गोल करणाऱ्यांच्या नावांत. पहिला गोल डेक्लन राइसचा, दुसरा जॅक ग्रीलिशचा. राइस २०१८ मध्ये आयर्लंडच्या ज्येष्ठ संघाकडून तीन सामने खेळलेला. ग्रीलिश आयर्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून पुढे आलेला. कहर म्हणजे इंग्लंडचे त्या वेळचे प्रशिक्षक ली कार्सली हे स्वतः आयर्लंडकडून ४० सामने खेळलेले! डब्लिनच्या प्रेक्षकांनी या दोन खेळाडूंची हुर्यो उडवली. तर कार्सली इंग्लंडचे राष्ट्रगीत म्हणणार नाहीत, म्हणून लंडनची वृत्तपत्रे खवळली. एकाच सामन्यात दोन्ही देशांना आपापल्या माणसांच्या निष्ठेविषयी शंका यावी, हा प्रसंग विरळाच.

द्रोहाचा आरोप करणे सोपे असते. त्याने मन हलके होते आणि स्वतःकडे पाहण्याचे टळते. राइस आणि ग्रीलिश यांच्या बाबतीत आयर्लंडमध्ये नेमके हेच घडले.

रक्ताचा हक्क खोटा नाही

लोकमान्यांच्या 'होमरूल' चळवळीमुळे मराठी माणसाला आयर्लंड परका नाही. तो शब्दच मुळात आयरिश लढ्याचा. त्या देशाचे दुःखही जाणून घेण्यासारखे आहे. १८४५ ते १८५२ या काळातील भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. पुढेही शतकभर हा ओघ थांबला नाही. लिव्हरपूल, ग्लासगो, बर्मिंगहॅम येथील वस्त्या हौसेने वसलेल्या नाहीत. म्हणूनच आजी किंवा आजोबा त्या बेटावर जन्मले असतील, तर नातवाला नागरिकत्वाची नोंद करता येते, असे आयर्लंडचा कायदा सांगतो. हा कायदा म्हणजे इतिहासाने तोडलेले नाते पुन्हा जोडण्याचा प्रयत्न आहे.

या नात्याची टवाळी करणारे अर्थातच आहेत. इंग्रज प्रशिक्षक जॅक चार्लटन यांनी इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आयरिश वंशाचे खेळाडू गोळा केले, तेव्हा 'आजीच्या दाखल्यावरचा संघ' म्हणून हिणवण्यात आले. परंतु १९८८ च्या युरोपीय स्पर्धेत स्टुटगार्ट येथे इंग्लंडला ज्याच्या एकमेव गोलाने धूळ चारली, तो रे हॉटन ग्लासगोत जन्मलेला, डोनेगॉलच्या पित्याचा पुत्र होता. प्रेस्टनमध्ये जन्मलेला केव्हिन किलबेन आयर्लंडसाठी ११० सामने खेळला. आणि ८८ सामने खेळलेल्या टोनी कॅस्करिनोचे काय? आपली आई दत्तक होती, म्हणजे आयरिश रक्ताचा धागा आपल्यापर्यंत आलाच नव्हता, हे त्याने २००० मध्ये आत्मचरित्रातून जाहीर केले. तरीही त्या ८८ सामन्यांतील घाम खोटा ठरला नाही. निष्ठा कागदावर मोजता येत नाही, हेच या तिघांनी सिद्ध केले.

फाळणीची रेघ आणि दुसरा आक्षेप

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. लंडनने राइसला नेले म्हणून डब्लिन गळा काढते. मग बेलफास्टच्या संघटनेने वाढवलेली मुले डब्लिन कशी नेते? बेलफास्टमध्ये जन्मलेल्या डॅनियल कर्न्सच्या प्रकरणी उत्तर आयर्लंडची संघटना थेट लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेली आणि २०१० मध्ये हरली. या दोन गोष्टी सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत. १९२१ च्या फाळणीने एका बेटाचे दोन भाग केले. बेटावरल्या माणसांची मने तशी कापली गेली नाहीत. उत्तरेत जन्मलेल्याने स्वतःला आयरिश मानावे, ब्रिटिश मानावे की दोन्ही, हा त्याचा जन्मसिद्ध अधिकार १९९८ च्या करारानेच मान्य केला आहे. डेरीचा जेम्स मॅक्लीन उत्तरेच्या २१ वर्षांखालील संघातून खेळून दक्षिणेकडे आला आणि १०३ सामने खेळला. ज्या डेरीत ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी नि:शस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या, त्या डेरीचा पुत्र इंग्लंडमधील क्लबांत राहूनही ब्रिटिश सैन्याच्या स्मृतीचे लाल फूल छातीवर लावायला नकार देत राहिला आणि वर्षानुवर्षे शिव्याशाप सोसत राहिला. त्याने संधी पाहून देश निवडला, असे कोण म्हणेल?

मात्र आक्षेपातला एक अंश खरा आहे आणि तो डब्लिनने ऐकलाच पाहिजे. मूल वाढवायचे एकाने आणि मिरवायचे दुसऱ्याने, हा व्यवहार न्याय्य नव्हे.

खरा दोष कोणाचा?

कारण हाच व्यवहार आयर्लंडने शतकभर इंग्लंडशी केला आहे. देशी लीग १९२१ पासून चालू आहे. पण पंधरा-सोळा वर्षांचा गुणी मुलगा दिसला की त्याची पाठवणी इंग्लंडला, ही रीतच पडून गेली. त्यातले बहुसंख्य काही वर्षांत रिकाम्या हातांनी परतले. त्यांची नावे कोणाला आठवतात? देशी क्लब खंगत गेले आणि संघटनेच्या कारभाराने तर कळस गाठला. २०१९ च्या अखेरीस पाच कोटी युरोंहून अधिक देणे उघड झाले आणि पुढच्याच महिन्यात सरकारला धावून यावे लागले.

ग्रीलिश लहानपणी बर्मिंगहॅममध्ये गेलिक फुटबॉल खेळला. पण त्याला खेळाडू म्हणून घडवले अॅस्टन व्हिलाने. राइसचे आजी-आजोबा कॉर्कचे. पण त्याची घडण झाली लंडनच्या क्लबांत. घरचे संस्कार आयरिश, मैदानाचे इंग्रजी. निवडीच्या क्षणी मैदान जिंकले. नियमाची त्यांना आडकाठी नव्हती. २०२० मध्ये तर फिफाने, वयाची २१ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ज्येष्ठ संघाकडून तीनपेक्षा अधिक सामने न खेळलेल्यांना काही अटींवर देश बदलण्याची वाट अधिकच रुंद केली. दार उघडे आहे म्हणून कोणी घर सोडत नाही; घरात चूल पेटत नसेल तर सोडतो.

नेत्यांना जे जमले नाही, ते शेवटी ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यामुळे घडले. २०२१ पासून अठरा वर्षांखालील आयरिश मुलांना ब्रिटिश क्लबांत जाता येत नाही. परक्याच्या निर्णयाने का होईना, देशाची मुले देशाच्या अंगणात राहिली आहेत. आता त्यांना पूर्णवेळ प्रशिक्षक, नीट मैदाने आणि जगता येईल असे वेतन द्यायचे, की पुन्हा अठराव्या वाढदिवसाच्या बोटीची वाट पाहायची, हे डब्लिनने ठरवायचे आहे.

दूर गेलेल्या लेकरांच्या नातवंडांसाठी दार उघडे असलेच पाहिजे. परंतु पाहुण्यांच्या भरवशावर कोणी संसार मांडत नाही. ज्या राष्ट्राला आपली मुले घडवण्याचा कंटाळा येतो, त्याने ती दुसऱ्याच्या जर्सीत दिसली म्हणून हुर्यो उडवू नये.