‘नाइस’ शब्दाची कुळकथा

आमची नात शाळेंतून घरीं आली कीं तिला सर्व कांहीं ‘नाइस’ असतें. डबा नाइस, बाई नाइस, पाऊस नाइस. परवां आजीनें केलेल्या अळूच्या भाजीसही तिनें तेंच प्रशस्तिपत्र दिलें. ज्या शब्दाचा आज इतका सुकाळ आहे, त्याचा मूळ अर्थ ‘अडाणी’ असा होता हें सांगितलें, तर वाचकांस थट्टा वाटेल. पण गोष्ट खरी आहे.

लॅटिन भाषेंत ‘स्किरे’ म्हणजे जाणणें. त्यास निषेधार्थक ‘ने’ जोडून ‘नेस्कियुस’, म्हणजे न जाणणारा, अज्ञ, हा शब्द झाला. हा ‘ने’ आपल्या संस्कृत नकाराचाच भाऊबंद होय. आणि गंमत अशी कीं, ‘सायन्स’ हा शब्दही त्याच ‘स्किरे’च्या कुळांतला! जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारें आपला शब्द १३०० च्या सुमारास इंग्रजींत उतरला, तो ‘मूर्ख’ याच अर्थानें. चौदाव्या शतकांतील चॉसर कवीनें तो तसा योजिला आहे. पुढें नाजूक, चोखंदळ अशा वळणांनीं फिरत सोळाव्या शतकांत त्यास ‘सूक्ष्म, काटेकोर’ हा अर्थ आला. ‘चांगला, रुचिर’ हा आजचा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या जेन ऑस्टिनच्या कादंबरींत नायिकेनें एका पुस्तकास ‘नाइस’ म्हणतांच टिल्नी तिची थट्टा करतो. म्हणजे आमच्या नातीचा दोष निदान दोनशें वर्षांचा जुना आहे.

संस्कृताच्या अभ्यासकास या उलथापालथीचें नवल वाटूं नये. ‘मुह्’ धातूस ‘क्त’ प्रत्यय लागून ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’ अशीं दोन रूपें सिद्ध होतात. धातु एक, प्रत्यय एक. परंतु मूढ बिचारा मूर्खच राहिला, आणि मुग्ध मात्र भोळेपणाच्या वाटेनें मोहक, सुंदर होऊन काव्यांतील नायिकेच्या पदवीस पोंचला. ‘देवानांप्रिय’ याची गत उलट. अशोकाच्या शिलालेखांत तें राजाचें बिरुद. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धांतकौमुदींत त्याचा अर्थ मूर्ख!

हें सारें आम्ही आज मोठ्या ऐटीनें सांगत आहों. परंतु त्यांतला सोळाव्या शतकाचा अर्थ आम्हांस एका विद्यार्थ्याचें नुकसान करून कळला. भाषांतराच्या पेपरांत ‘नाइस डिस्टिंक्शन’ असे शब्द होते. एका हुशार मुलानें ‘सूक्ष्म भेद’ असें लिहिलें. आम्हीं तें तांबड्या शाईनें खोडून वर ‘सुंदर भेद’ असें लिहिलें, व दोन गुण कापले. त्या दोन गुणांनीं त्याचा पहिला क्रमांक गेला. पेपर घेऊन तो टेबलापाशीं आला होता. “सर, कोशांत...” एवढेंच म्हणाला, आणि आम्हीं त्यास जागेवर बसविलें. कोश आम्हीं उघडला तो उन्हाळ्याच्या सुटींत. शाळा सुरू झाल्यावर त्यास बोलावून सांगूं असें ठरविलें होतें. परंतु तोंपर्यंत त्याच्या वडिलांची बदली होऊन तें कुटुंब गांव सोडून गेलें होतें.