साठीनंतरची स्पष्ट मागणी

जेन जस्का ही कॅलिफोर्नियातली निवृत्त शिक्षिका. १९९९ साली तिने ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये एक छोटी जाहिरात दिली. सदुसष्टावं वर्ष लागण्याआधी आवडत्या पुरुषाबरोबर भरपूर शरीरसुख हवं आहे, आणि आधी गप्पाच मारायच्या असतील तर ट्रोलपच्या कादंबऱ्यांवर मारू, असा तिचा आशय होता. उत्तरांची रीघ लागली आणि २००३मध्ये त्या अनुभवांचं पुस्तकही आलं. वाचक हसले, पण बहुतेक जण कौतुकाने.

आता समजा, अडुसष्ट वर्षांचा एखादा विधुर मोबाइलवरून अशीच जाहिरात देतो आणि लिहितो, मला हात बांधून घ्यायला आवडतं, हुकूम ऐकायला आवडतं. इथे कौतुक आटतं. म्हातारचळ लागला म्हणतील, किंवा डॉक्टरकडे न्या म्हणतील. डॉक्टरांचं म्हणणं मात्र बदललं आहे. २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक यादीतून, सज्ञान माणसांनी परस्परसंमतीने केलेले असे खेळ वगळले आहेत.

मला तर असे खेळ खेळणाऱ्या मंडळींचा एक रिवाज उतारवयाला फार सोयीचा वाटतो. काय करायचं, काय नाही, कोणता शब्द उच्चारला की तत्क्षणी थांबायचं, हे सगळं आधी बोलून ठरतं. ज्या वयात गुडघे, दम आणि ताठरता यांपैकी कशाचाच भरवसा नाही, त्या वयात असं बोलणं हाच मोठा आधार. चाळीस वर्षांच्या संसारात ‘तुला काय आवडतं?’ एवढंही न विचारलेली जोडपी आपल्या आजूबाजूला कमी नाहीत.

मात्र बोलायचं तर पुरतं बोलावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या चापटीनेही काळंनिळं होतं. हाडं ठिसूळ असतील तर दोरी, पट्टे जपून. गळ्यावर दाब कोणत्याच वयात नको. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतलं तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. पाळी गेली म्हणून निरोधची गरज संपत नाही. आपली दुखणी आणि औषधं जोडीदाराला पहिल्या भेटीआधीच सांगावीत. ती भेटही हॉटेलात, चहावर व्हावी, आणि आपण कुठे आहोत हे एका तरी मित्राला ठाऊक असावं.

खरी भीती वेगळीच आहे. गोड बोलून व्हिडिओ कॉल करायचा, तो रेकॉर्ड करायचा आणि ‘मुलाला पाठवतो’ म्हणून धमकवायचं, हा भामट्यांचा ठरलेला धंदा. त्यांचं भांडवल म्हणजे आपली लाज. एकदा पैसे दिले की मागणी वाढतच जाते. म्हणून पैसे देऊ नयेत, संदेश आणि नंबर जपून ठेवावेत आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. पण तो फोन करायलाही कोणी तरी सोबत लागतं, आणि नेमकी घरच्यांचीच धास्ती असल्याने माणूस गुपचूप पैसे भरत राहतो.

वडिलांनी जाहिरातीत काय लिहिलं, हे मुलांनी वाचायचं कारण नाही. मात्र वडील फसले आहेत असं कळलं, तर ‘या वयात हे सुचलंच कसं?’ हा प्रश्न गिळून आधी १९३० लावावा.