नात्यातला उमेदवार

निवडणूक जाहीर झाली की आमच्या भागात उमेदवाराचे नाव मागे पडते आणि नाते पुढे येते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघात एका बाजूला ‘ताई’ होत्या, दुसऱ्या बाजूला ‘वहिनी’. सहा महिन्यांनी विधानसभेला बारामतीत ‘दादा’ आणि त्यांचा सख्खा पुतण्या समोरासमोर आले, तर शेजारच्या इंदापुरात ‘मामा’ आणि ‘भाऊ’ यांची गाठ पडली. परक्या माणसाने नुसत्या घोषणा ऐकल्या असत्या तर इथे मतदान आहे की सोयरीक जुळवणे चालू आहे, असा प्रश्न त्याला पडला असता. नात्यातल्या माणसाचे मोजमाप काढायचे नसते, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मामा कसाही असला तरी तो मामाच. आणि मत द्यायचे म्हणजे तर मोजमाप काढणे आलेच.

ते काढायला वर्तमानपत्रे, वाहिन्या, आकाशवाणीच्या बातम्या यांची मदत व्हावी, अशी आपली भाबडी समजूत असते. २०२४ च्या उन्हाळ्यात वाहिन्यांच्या गाड्या बारामतीत तळ देऊन होत्या. बसस्थानक, बाजार समिती, चहाची हॉटेले, उसाच्या गुऱ्हाळापुढची बाकडी, काही सोडले नाही. सगळीकडे प्रश्न मात्र एकच, “कोण येणार?” विचारणारा दिल्लीचा असो की पुण्याचा, त्याला हवे होते ते भाकीत. दिल्लीला जाऊन ही बाई काय करील, आजवर तिने काय केले, हे विचारणारा मला तरी दिसला नाही. वास्तविक कोण येणार हे आम्ही मत दिल्यावर कळणारच होते. कोण यावे हे ठरवायला आम्हाला मदत हवी होती.

यात सगळा दोष बातमीदारांचा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोजमापाची सवय आमचीच मोडली होती. १९६७ मध्ये शरद पवार सत्ताविसाव्या वर्षी बारामतीतून विधानसभेवर गेले. १९९१ पासून अजित पवार आणि २००९ पासून लोकसभेला सुप्रिया सुळे निवडून येत राहिल्या. २०१९ च्या विधानसभेला अजित पवारांचे मताधिक्य १ लाख ६५ हजारांच्या वर होते. निकाल ठाऊक असलेल्या परीक्षेचा अभ्यास कोण करतो? मतदानाच्या दिवशी जेवण करून निवांत जावे, शाई लावून यावे, असा तो मामला होता. मग २ जुलै २०२३ रोजी पक्ष फुटला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिले आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदाच आमच्या घराघरांतून खराखुरा प्रश्न उभा राहिला. एका वाड्यातले दोन चुलत भाऊ दोन पक्षांच्या गाडीत बसू लागले. जेवताना राजकारण काढायचे नाही, असे सासूबाईंनी फर्मान काढलेली घरे मला माहीत आहेत.

अशा वेळी खरी माहिती कुठे होती? माझ्या मते ती सर्वांत रुक्ष कागदात होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते. त्यात मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, शिक्षण, दाखल असलेले गुन्हे, शिवाय जोडीदाराची मालमत्ता, सारे असते. हे शपथपत्र कचेरीतल्या फलकावर लागते, आयोगाच्या संकेतस्थळावरही मिळते. बारामतीच्या शपथपत्रातली एक नोंद तेव्हा फार गाजली. सुप्रिया सुळे यांनी वहिनी सुनेत्रा पवार यांच्याकडून ३५ लाख आणि भाचे पार्थ पवार यांच्याकडून २० लाख रुपये घेतल्याचे त्यात दाखवले होते. एकमेकींविरुद्ध उभ्या असलेल्या दोघींमध्ये उसनवारी! दोन दिवस वाहिन्यांना दुसरे काही सुचले नाही. आता, घरातल्या घरात पैसे दिले-घेतले जातात हे कोणत्या मराठी कुटुंबाला नवीन आहे? पण एवढे मोठे दस्तऐवज हाती असताना त्यातून पुन्हा नातेच तेवढे उचलले गेले. उत्पन्न पाच वर्षांत कसे बदलले, शेती किती, कंपन्यांतले भाग किती, यावर एक सबंध रकाना वाचल्याचे मला आठवत नाही.

दुसरे उदाहरण निधीचे. खासदार सत्तेच्या बाजूचा हवा म्हणजे निधी येतो, हा एका बाजूचा मुख्य मुद्दा होता. मुद्दा खोटा नव्हे. राज्यात आणि केंद्रात वजन असले की कामे मार्गी लागतात हे बारामतीने डोळ्यांनी पाहिले आहे. पण खासदाराला स्वतःच्या हाताने सुचवता येणारा निधी वर्षाला पाच कोटी रुपये, आणि बारामती लोकसभेत दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला असे सहा विधानसभा मतदारसंघ. भागाकार शाळकरी मुलगाही करील. एकेकाच्या वाट्याला कोटभरही येत नाहीत. दुसऱ्या बाजूने संसदेतली उपस्थिती आणि विचारलेले प्रश्न यांचे आकडे पुढे केले. तेही खरे, पण किती प्रश्न विचारले यापेक्षा कोणते विचारले आणि उत्तराचे पुढे काय झाले हे महत्त्वाचे. काटेवाडीची ग्रामस्वच्छता किंवा बारामतीचा टेक्स्टाइल पार्क या सुनेत्रा पवारांच्या कामांचेही तसेच. भाषणांतून उल्लेख झाले, प्रत्यक्ष काम किती आणि कसे झाले हे जाऊन पाहून लिहिणारा विरळा.

बातमी कुठे बसून वाचतो यावरही पुष्कळ अवलंबून असते. आमच्याकडे पुणे आवृत्ती येते आणि नीरेपलीकडे अकलूजला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीकडे सोलापूर आवृत्ती. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतले पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा निर्णय झाला. तेव्हा इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे हेच सोलापूरचे पालकमंत्री होते. आमच्या पानावर तो तहानलेल्या गावांचा न्याय होता, बहिणीच्या पानावर पालकानेच केलेली पाण्याची पळवापळवी. धरण एक, निर्णय एक, मंत्री एक. सोलापूरकरांनी आंदोलन केले आणि मे महिन्यात निर्णय रद्द झाला. त्या महिन्यात आम्ही बहीणभाऊ फोनवर एकमेकांना आपापले वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. भरणे यांच्याविषयी माझे जे काही मत बनले ते त्या दोन आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून बनले. आपल्या तालुक्यासाठी झटणारा आणि त्यापायी दुसऱ्या जबाबदारीवर ताण आणणारा, असे दोन्ही त्यात होते. एकट्या पुणे आवृत्तीतून ते मला कधीच मिळाले नसते.

छापलेले सगळे बातमीच असते असेही नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. तेव्हापासून मी एक साधी कसोटी लावतो. मजकुरात एकही अडचणीचा प्रश्न नसेल, विरोधकाचे नावही नसेल आणि खाली लिहिणाराही नसेल, तर ती जाहिरात समजून पान उलटावे.

आता तर बातमी खिशातल्या फोनवर येते, आणि तीही बहुतेक वेळा मेव्हण्याकडून. भाषणातले वीस सेकंदांचे तुकडे, मागेपुढे काय बोलले ते कापलेले. त्यावर विश्वास ठेवू नका असे सांगण्यात अर्थ नाही, कारण पाठवणारा आपलाच असतो. इथेही नातेच आडवे येते.

आणि या सगळ्या गदारोळात मतदाराला लागणारी अगदी प्राथमिक माहिती हरवली, ती निवडणूक चिन्हाची. सुप्रिया सुळे यांच्या पक्षाचे नवे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. ट्रम्पेट हे वेगळे चिन्ह मराठी यादीत ‘तुतारी’ म्हणूनच आले आणि ते अपक्षांना मिळाले. बारामतीत त्या अपक्ष उमेदवाराला सुमारे १५ हजार मते पडली, तरी निकाल बदलला नाही. साताऱ्यात मात्र पक्षाच्या उमेदवाराचा पराभव ३२ हजार ७७१ मतांनी झाला आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाने ३७ हजारांहून अधिक मते घेतली. ती सगळी चुकून पडली असे म्हणता येणार नाही, पण शंका घ्यायला जागा नक्कीच आहे. विधानसभेपूर्वी त्या माणसाचे चित्र मतदान यंत्रावर ठळक करण्याची मागणी आयोगाने मान्य केली. दोन चित्रे शेजारी छापून फरक दाखवायला वर्तमानपत्राला चार बोटांची जागा पुरली असती.

निकाल सर्वांना ठाऊक आहे. ४ जून २०२४ रोजी सुप्रिया सुळे १ लाख ५८ हजार ३३३ मतांनी निवडून आल्या. अजित पवारांच्या स्वतःच्या बारामती विधानसभा क्षेत्रातही त्यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली. २३ नोव्हेंबरला त्याच बारामतीने अजित पवारांना १ लाख ८९९ मतांनी विजयी केले. मतदार तेच, केंद्रे तीच, मध्ये एक पावसाळा. जूनमध्ये पंडितांनी ‘सहानुभूती’ म्हटले, नोव्हेंबरमध्ये ‘लाडकी बहीण’. दोन्हींत तथ्य आहे. महिन्याला दीड हजार रुपये हातात पडणे काय असते हे शेतमजूर बाईला विचारा. तरीही मला वाटते की मतदाराने त्या वेळी वाहिन्यांपेक्षा बारीक विचार केला. ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ हे वाक्य पारावर कितीतरी आधीपासून ऐकू येत होते. त्याने माणसांची तुलना केली नाही. कोणते पद, त्या पदाचे काम काय, ते कोणाला जमते, एवढे पाहिले. बाहेरचे लोक विचारत होते, काका की पुतण्या? आणि इथला माणूस मनात म्हणत होता, कशासाठी?

इंदापुरात असा सरळ हिशेब नव्हता. हर्षवर्धन पाटील १९९५ मध्ये अपक्ष निवडून येऊन युतीच्या सरकारात मंत्री झाले, पुढे काँग्रेसमध्ये, २०१९ मध्ये भाजपमध्ये आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षात आले. २०१९ मध्ये भरणे यांच्याकडून ते अवघ्या ३ हजार ११० मतांनी हरले होते; २०२४ मध्ये तो फरक १९ हजार ४१० झाला आणि प्रवीण माने या अपक्षानेही जवळजवळ ३८ हजार मते घेतली. इथे तोलायला पक्ष उरलाच नव्हता, कारण पक्ष दर निवडणुकीला बदललेला. उरली ती माणसे आणि त्यांचे मागचे वागणे.

लोकसभेची ती निवडणूकही खरे तर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसारखीच लढवली गेली. सभांतून मोदी की पवार एवढेच विचारले जात होते. नगराध्यक्षाची थेट निवडणूक तर नावानेच अध्यक्षीय. राज्यात २०१६ मध्ये ती आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये बारामती-इंदापूरकरांनी नगराध्यक्षासाठी थेट मत दिले. अध्यक्षीय पद्धत घ्यायची तर तिच्यातली चांगली गोष्टही घ्यावी. अमेरिकेत २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी आणि निक्सन यांची दूरचित्रवाणीवर पहिली समोरासमोर चर्चा झाली. २७ जून २०२४ रोजी बायडन आणि ट्रम्प दीड तास एकत्र उभे राहिले आणि महिना उलटायच्या आत बायडन यांनी माघार घेतली. त्यांच्या वयाबद्दल कित्येक महिने जे आडून लिहिले जात होते ते लोकांनी घरात बसून पाहिले. आमच्याकडे ताई आणि वहिनी, मामा आणि भाऊ एका मंचावर आले ते फक्त लग्नकार्यात. एखाद्या महाविद्यालयाच्या पटांगणात दोघांना दोन खुर्च्या द्याव्यात आणि नीरा डाव्या कालव्यावर एक तास बोलायला सांगावे. बारामतीच्या वरच्या भागात भिजते आणि इंदापूरच्या टेलला कोरडे राहते, यावर दोघांचे उत्तर एकाच वेळी ऐकायला आम्ही जेवण सोडून येऊ.

तोवर घरात जमते ते करावे. मी रद्दी लगेच विकत नाही. निवडणूक लागली की वर्षापूर्वीच्या मे महिन्याचे अंक काढतो. उन्हाळी आवर्तन कधी सुटले, किती दिवस चालले, तेव्हा कोण कुठे होता आणि काय बोलला, हे त्यात असते. तेव्हा मते मागायची नसतात, म्हणून माणूस जरा खरे बोललेला असतो.

विधानसभेच्या वेळी प्रचाराची एक तुकडी आमच्या वस्तीवर आली होती. पोरगा चुणचुणीत, हात जोडून म्हणाला, “वहिनी, आपल्या माणसाकडे लक्ष असू द्या.” माझ्या भावजयीने त्याला पाणी दिले आणि विचारले, “भाऊजी, आमच्या चारीला गेल्या उन्हाळ्यात पाणी आले नाही. तुमच्या माणसाने त्याबद्दल कुठे काही म्हटलेय का?” त्याने खिशातून पत्रक काढले, पुढून-मागून वाचले, आणि विचारून सांगतो म्हणाला.